आई म्हणजे याहा का? (एका कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. ऑस्ट्रेलियाच्या ऊजेरू नूनुकल आणि कॅनडाच्या रिटा जो यांच्या कवितांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता की ही कविता नाही, नुसत्या घोषणा आहेत, आणि तिकडच्या आदिवासींचं रडगाणं खान्देशात बसून आपण कशाला गायचं, इंग्रजांनी तर सगळ्यांनाच लुटलं. राग नाही आला, पण पटलंही नाही, म्हणून जरा मोठं लिहिते.

घोषणांचं म्हणाल तर १९६४ला ऊजेरूबाईंचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिकडचे समीक्षकही हेच बोलले होते, प्रचार आहे म्हणून. साधं, थेट, मोठ्याने म्हणता येईल असं लिहिलं की ती घोषणा होते का? आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांना आपण डोक्यावर घेतोच ना. आणि रिटा जोची कविता तर एवढीशी आहे. मी लहान होते, तुमच्या शाळेत तुम्ही माझी बोली काढून घेतलीत, असं ती सांगते आणि शेवटी भांडतही नाही, ती मला शोधू द्या म्हणजे मी कोण ते तुम्हाला सांगेन, एवढंच हळू आवाजात मागते.

आपण अहिराणीवाले, आपल्याला हे खरं तर लगेच कळायला पाहिजे. पुण्याला होस्टेलवर मी फोनवर "माय, काय करी ऱ्हायनी?" म्हटलं की रूममधल्या मुली हसायच्या, तेवढ्यानेच मी फोन जिन्यात जाऊन घ्यायला लागले. ते नुसतं हसणं होतं. रिटा जोच्या शाळेत मुलांना घरापासून तोडून ठेवायचे आणि मिकमाक, म्हणजे त्यांची आदिवासी बोली, बोललं तर शिक्षा व्हायची.

आता माझंच सांगते. मी सातपुड्यात मोलगीकडे आदिवासी मुलांच्या एका आश्रमशाळेत शिकवायला होते. पहिलीच्या वर्गात फळ्यावर 'आई' लिहिलं, सगळ्यांकडून म्हणून घेतलं, तर मागच्या रांगेतली एक मुलगी पाटी छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, आई म्हणजे याहा का? मी म्हटलं हो, पण वर्गात आई म्हणायचं. ती खाली बसली. पाटीवर तिने डोक्यावर मोळी घेतलेली बाई काढली होती, ती तिने तळहाताने पुसून टाकली. का पुसली ते मी विचारलं नाही, आणि ते अजून सलतं. तिकडे मारून केलं, इथे मी प्रेमाने केलं, शब्द मात्र दोन्हीकडे गेला.

सगळ्यांनाच लुटलं हे खरंय, पण सारखं नाही लुटलं दादा. १८१८ला खान्देश कंपनीकडे गेला, भिल्ल डोंगरातून लढत राहिले, तर १८२५ला कंपनीच्या औट्रम साहेबाने भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक, त्यांच्या माणसांची इंग्रजांशी झालेली आंबापाणीची लढाई ११ एप्रिल १८५८ची. मग १८७८चा जंगल कायदा आला आणि ज्याचं जंगल तोच लाकूडचोर झाला. खाली सपाटीवर जमीन कागदावर चढली, गहाण टाकता यायला लागली, कर्जात गेली, आणि ती काही लंडनला नाही गेली, सावकाराकडे आणि तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात आली. आमच्याकडे आखाजीला सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरायचा. त्यातले एक बाबा दुपारची भाकर नेहमी बांधावरच्या चिंचेखालीच खायचे. एकदा मला म्हणाले, पोरी, ही चिंच माझ्या आज्याने लावली. शेत मात्र माझ्या घरच्यांच्या नावावर होतं. मी घरी येऊन विचारलं तर सगळे गप्प.

म्हणून त्या कविता मला लांबच्या वाटत नाहीत. आता आदिवासींना सगळं मिळतं असंही तुम्ही लिहिलंय. २००६ला वनहक्क कायदा झाला, तरी २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायाला फोड येईस्तोवर चालत गेलेल्यांमध्ये कसत्या वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी कितीतरी होते.

आणि तुम्ही शहाद्याकडचे दिसता, तर वाहरू सोनवणे तुमच्याच तालुक्यातले. आदिवासी पुढारी अंबरसिंग सुरतवंतींच्या वेळच्या जमिनीच्या लढ्यातून, १९७२च्या श्रमिक संघटनेतून घडलेला हा भिल्ल कवी. त्यांची 'स्टेज' ही कविता वाचा. आम्हाला वर बोलावलंच नाही, जागा दाखवून खाली बसवलं, आणि स्टेजवरचे लोक आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, असं तिच्यात आहे. ती मलाही लागू होते, हे सगळं मी लिहितेय म्हणून तर जास्तच. त्यामुळे माझं राहू द्या, त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह वाचा. माझ्याकडे प्रत आहे, शहाद्याला आले की घेऊन येते.