हो किंवा नाही, एकावरच टिक करा

मागच्या महिन्यात आमच्या घरची आरोग्य विम्याची पॉलिसी झाली. नवऱ्याची आणि लेकीची. माझं नाव वगळून.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत महा-ई-सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आयुष्मान कार्ड, दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरणं हाच धंदा. कोणाचा फॉर्म कुठं अडणार हे मला लांबूनच कळतं. या फॉर्मवर मात्र मीच अडले. प्रश्न साधारण असा होता: कुटुंबातल्या कोणाला कधीही कर्करोग, हृदयविकार, किडनीचा आजार झाला आहे का? हो की नाही. एजंट आमच्याच गल्लीतले. मी ‘हो’वर टिक करायला गेले तर त्यांनी कागदावर हात ठेवला. म्हणाले, "ताई, कशाला लिहायलात? वीस-बावीस वर्षं झाली की त्याला. तुमच्याकडं बघून कुणी म्हणंल का?"

२००१ मध्ये मला रक्ताचा कॅन्सर झाला. एएलएल नावाचा. आठ वर्षांची होते. रात्री देवगिरी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पिशव्या टाकायच्या आणि परळला टाटा हॉस्पिटल गाठायचं. अडीच वर्षं हेच. पाठीच्या मणक्यातलं इंजेक्शन आठवलं की अजून माझे पाय आखडतात. पण जास्त आठवतं ते लाल औषध. पहिल्यांदा सलाइनमधून दिलं त्या दिवशी लघवी लाल झाली आणि आई बाथरूमच्या दारातच मटकन खाली बसली. नर्स म्हणाली, रक्त नाही माय, औषधाचा रंग आहे तो.

त्या लाल औषधामुळं मी जगले आणि त्याच औषधामुळं पुढं हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. लगेच नाही, दहा-वीस वर्षांनीसुद्धा. कुणाला मेंदूला रेडिएशन दिलेलं असतं, त्यांना हार्मोनचा त्रास होतो. स्टेरॉइडनं कुणाचं खुब्याचं हाड झिजतं. म्हणून तर टाटाला बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, ॲक्ट नावाचं, १९९१ पासून. मी अजून जाते. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढते, थायरॉइड बघते. आतापर्यंत सगळं ठीक आहे.

तर मी ‘हो’ लिहिलं. सोबत लावायला प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल काढून झेरॉक्स मारून ठेवल्या. त्या कुणी मागितल्याच नाहीत. आठव्या दिवशी मोबाइलवर एका ओळीचा मेसेज आला: प्रस्ताव स्वीकारता येत नाही. एजंटांनी उपाय सांगितला, "तुमचं नाव काढलं तर उद्याच्या उद्या होतंय." काढलं. करता काय.

आता नियमाची गंमत बघा. आयआरडीएआय म्हणजे विम्याचं नियामक मंडळ. त्यांच्या व्याख्येप्रमाणे ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यावर सल्ला-उपचार घेतला तो. २०२४ मध्ये त्या आजारांचा क्लेम मिळण्यासाठी थांबायची मुदतही कमाल चार वर्षांवरून तीनवर आणली. हे वाचून मला वाटलं, कॅन्सरचे उपचार संपून बावीस वर्षं झाली, म्हणजे सुटलो आपण. पण मुळात तुम्हाला पदरात घ्यायचं की नाही, हे कंपनी ठरवते. तिच्या फॉर्मवर ‘कधीही’ लिहिलंय आणि ‘कधीही’ला ३६ महिने लागू होत नाहीत.

मग लोक खोटं लिहितात. एजंटांच्या सल्ल्यामागं हिशोब असतो: सलग पाच वर्षं हप्ते भरले की आजार लपवला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही (ही मुदत आधी आठ वर्षं होती). फक्त फसवणूक सिद्ध झाली तर नाकारू शकते, आणि हा ‘फक्त’ एजंट सांगत नाहीत. शिवाय तिसऱ्या वर्षी छातीत दुखून ॲडमिट झाले तर डॉक्टर केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहिणार, लहानपणी ल्युकेमिया, केमो झालेली. क्लेम गेला, पॉलिसी गेली, वर खोटारडी म्हणून नाव.

माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा असंच होतं. नातेवाईक म्हणायचे, सोयरिकीत सांगायचं कामच काय? बाबांनी प्रत्येक ठिकाणी सांगितलं. दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिसऱ्यानं विचारलं, आता गोळ्या चालू आहेत का? नाहीत म्हटल्यावर विषय संपला. तोच माझा नवरा. त्याला जे एका प्रश्नात कळलं त्यासाठी कंपनीला निदान माझा एको तरी मागता आला असता.

कंपन्यांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. वर मीच लिहिलंय लाल औषधाचं. मग हप्ता जास्त लावा ना. हृदयासाठी तीन वर्षं थांबवा. तोच कॅन्सर उलटला तर देणार नाही, असंही लिहून घ्या, मी सही करते. पण मला डेंगू झाला, गाडीवरून पडून पाय मोडला, गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं, तर त्याचा २००१ शी काय संबंध?

"तुझ्याकडं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे की," असं मला हमखास ऐकवतात. आहे, आणि मीच ती काढून देते. ज्यात मोफत उपचार मिळतात त्या महात्मा फुले योजनेला मी नावं ठेवणार नाही. आम्ही मुंबईला खेटे घालत होतो तेव्हा ती नव्हती. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं पहिल्या टप्प्यात सुरू झाली, त्यात आपल्या मराठवाड्यातला नांदेड होता. ती जुना आजार विचारत नाही, हे मोठंच आहे. पण ती यादीतल्या उपचारांसाठी, यादीतल्या दवाखान्यात. माझा एको, रक्ततपासण्या, मुंबईचं जाणं-येणं खिशातूनच जातं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर एक मुलगा होता. आज पुण्यात आयटीत आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी पहिल्या दिवसापासून लागू, जुनं कुणी काही विचारलं नाही. नोकरी आहे तोवर तरी निर्धास्त. आपल्याकडं शेती, दुकान, विनाअनुदानित शाळा, नाहीतर माझ्यासारखं सेवा केंद्र. आजार एकच, औषधंही तीच. फरक पडला तो पोटापाण्याच्या गावाचा.

हे बदलणं अशक्य नाही. दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी प्रत्येक कंपनीनं पॉलिसी आणलीच पाहिजे, असं २०२३ मध्ये याच नियामकानं सांगितलं. त्या यादीत आमची एक ओळ वाढवा. फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्यानं उपचार संपून पाच वर्षं झाली की घरकर्जाच्या विम्यासाठी कॅन्सर सांगावा लागत नाही. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्य झाला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मी शून्य टक्के कशावर वाचवू?

परवा केंद्रात एक बाप आला, पोराचं आयुष्मान कार्ड काढायला. पोराच्या तोंडाला मास्क, डोक्यावर माकडटोपी. ऊन मी म्हणत होतं. मी विचारायच्या आधीच मला कळलं. त्याला म्हटलं, उपचार संपले की डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्या, कोणतं औषध एकूण किती दिलं, रेडिएशन किती. ते पान जपा. त्यानं विचारलं, "कशाला लागतंय ते?" मी तपासण्यांचं सांगितलं. विम्याचं नाही सांगितलं.

लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या कुणाला पॉलिसी मिळाली असेल, तर किती जादा हप्ता लावून आणि कोणत्या अटींवर मिळाली ते कमेंटमध्ये लिहा. इनबॉक्समध्ये नको, बाकीच्यांनाही दिसू द्या.