२००५ ची खूण बघून घरात बसू नका

मामा सांगलीत नदीकाठच्या वस्तीत राहतात. परवा त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि लगेच फोन करून सांगितलं, "यंदा सामान हलवायचं नाही." त्या मेसेजचं म्हणणं असं: तापमानवाढ हे थोतांड आहे, कृष्णेला पूर पूर्वीपासून येतात, २०१९ चा पूर विमानातून पाडलेल्या कृत्रिम पावसाचा होता, पाऊस वाढला असेल तर जत, माणसारखे दुष्काळी तालुके कोरडे का, आणि २००५ च्या पुराच्या खुणेवर पाणी एरवी चढत नाही, घाबरू नका.

विमानाचं आधी संपवू. विमान ढग तयार करत नाही. असलेल्या ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापुरात हा प्रयोग केला, तेव्हा काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचं आढळलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर जवळजवळ ५९ कोटी लिटर पाणी. कुठल्या विमानातून पडणार हे?

हे पाणी समुद्रावरून येतं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पृथ्वी एक अंशाहून जास्त तापली आहे. आयआयटीएमचेच हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात तिथला पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला. जत-माणचं उत्तर यातच आहे. पाऊस कमी दिवसांत कोसळतो, मधले खंड लांबतात आणि तापलेली हवा रानातली ओल ओढून घेते. २०१९ ला सांगली पाण्यात असताना जत-आटपाडीत टँकर फिरत होते.

पूर्वीही पूर येत, हे खरंच. एकट्या तापमानवाढीने २०१९ घडवलं, असं कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. पूररेषेच्या आत प्लॉट पाडले, ओढे बुजवले, धरणांतून पाणी कधी सोडायचं यावर वाद आहेत, तेही मान्य. पण वाट अडवून ठेवली आहे म्हणून वरून येणारं पाणी कमी होत नाही.

मला खरा राग आहे तो खुणेच्या मुद्द्याचा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. त्या खुणेवर विसंबून २०१९ ला कितीतरी जणांनी सामान फक्त माळ्यावर चढवलं आणि घरातच थांबले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा ५५ च्या आसपास. म्हणजे २००५ ची खूण दोनदा बुडाली, तरी मेसेज म्हणतो "एरवी चढत नाही"! उशिरा बाहेर पडणं म्हणजे काय, ते ब्रह्मनाळ गावानं भोगलंय. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली, माणसं बुडाली.

आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आहे, ४५ धोक्याची. मामांना सांगितलंय, ४० ची बातमी आली की कागदपत्रं, औषधं आणि मामींना घेऊन आमच्याकडे या. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी आपापल्या ग्रुपवर हेही टाकावं.