जुलाबाचा जंतू पोटात जाताच विष सोडतो?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीतल्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो : ‘पुराच्या पाण्यातला ई. कोलाय पोटात जाताच विष सोडतो. जुलाब लागले की लगेच मेडिकलमधून अँटिबायोटिक घ्या. जंतू मेला की जुलाब थांबले.’

‘जाताच विष सोडतो’ : ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात. लहान मुलांना जुलाब लावणारा ईपेक हा प्रकार विषापेक्षा चिकटण्यावर अवलंबून असतो. आतड्याच्या पेशीला टेकून तो सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने पेशीत टोचतो. त्यातले टिर पेशीच्या आवरणात बसते आणि जंतू त्यालाच धरतो. आपला खुंटा आपणच ठोकायचा, असा हा प्रकार!

पेशी सापडल्याचे त्याला कळते कसे? टोचण्याआधी टिरला सेस-टी नावाचे प्रथिन सांभाळत असते. टिर गेले की सेस-टी मोकळे होते आणि सीएसआर-ए या नियंत्रकाला पकडते. हा नियंत्रक आरएनएवर, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनते त्या जीनच्या नकलेवर, बसून कोणते प्रथिन किती बनावे हे ठरवतो. तो अडकला की जंतूचा सगळा कारभार बदलतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इलान रोझेनशाईन यांच्या गटाने हे 2017 मध्ये दाखवले. म्हणून ‘जीन चालू झाला’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. आरएनए तयार असतो, बदलतो तो त्याचा वापर.

‘जंतू मेला की थांबले’ : चिकटलेल्या जागी पेशीवरची सूक्ष्म लव झडते, शोषण घटते. गोळीने ती लगेच उगवत नाही. अस्तर नवे व्हायला तीन ते पाच दिवस जातात. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये तर काही अँटिबायोटिकनी विष वाढू शकते आणि मूत्रपिंडाला धोका होतो. शौचात रक्त दिसले तर दुकानातून गोळी आणू नका, डॉक्टरांकडे जा. गंभीर कॉलरा किंवा शिगेला या जंतूच्या हगवणीत अँटिबायोटिक लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अख्खे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर रक्तातले मीठ वाढते. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजा. उरलेले 24 तासांनी फेका. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर लगेच दवाखाना गाठा.