बैलाचे दावे आणि अकरा चिठ्ठ्या

ठाण्यात रविवारी सकाळी मासुंदा तलावाची फेरी संपली की आम्ही पाच जण गडकरी रंगायतनाच्या बाजूच्या कट्ट्यावर टेकतो. बैठकीचा विषय एरवी ठरलेला नसतो. या रविवारी मात्र तो आमच्याआधीच येऊन बसला होता, कारण त्या भिंतीचे दोन्ही फोटो शुक्रवारीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. एका फोटोत सहावीच्या मुलांनी रंगवलेली वारली भिंत आहे आणि दुसऱ्यात तीच भिंत, पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री पेंटरकडून नीट करून घेतलेली. शाळेचे नाव इथे लिहीत नाही.

त्या भिंतीवर माझ्या मुलीने काढलेला एक बैल होता. त्याची शिंगे शेजारच्या मुलाच्या झाडात शिरत होती, त्यावरून दोघांचे भांडण झाले आणि आपले चित्र पुसायला दोघांपैकी कुणीच तयार होईना. शेवटी त्यांनी मिळून बैलाच्या गळ्यापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत एक वाकडेतिकडे दावे काढले. बैल झाडाला बांधलेला आहे असे ठरले आणि भांडण मिटले. पेंटरने बैल दोन हात अलीकडे घेतला, झाड सरळ केले आणि ते दावे गेरूखाली गेले.

मी हे सांगून संपवतो न संपवतो तोच सरांनी बोटे मोजायला घेतली. सर म्हणजे आमचाच वर्गमित्र. नौपाड्यात दहावीचे क्लास चालवतो, म्हणून सगळे त्याला सर म्हणतात आणि आम्ही सर म्हणूनही अरे-तुरे करतो. जगातली कोणतीही गोष्ट त्याच्याकडे मुद्दा क्रमांक एकपासून सुरू होते आणि टक्केवारीवर संपते. "मुद्दा एक," तो म्हणाला, "भिंत आधीपेक्षा चांगली दिसते की नाही, एवढं प्रामाणिकपणे सांगा. मुद्दा दोन, पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू असते. मुद्दा तीन, चाळीस मुलांनी मिळून काढलेल्या चित्राला मार्क कुणाच्या नावावर द्यायचे?" तीन बोटे दुमडून झाली तरी चौथे त्याने ताठच ठेवले होते.

"सर, भिंत सुधारली नाही," बाई म्हणाली, "भिंतीवरची मुलं पुसली. चित्र कसं जमलं हे त्या दाव्यात दिसत होतं आणि नेमकं तेच गेलं."

बाईही आमच्याच वर्गातली. डी.एड. झाल्यापासून ती शाळेत शिकवते आणि आता तिला तिच्या आईसुद्धा बाईच म्हणतात. या विषयावर आमच्यात तिच्याइतका अधिकार कुणाचाच नाही, कारण बाकीचे मुलांच्या प्रकल्पांबद्दल बोलतात आणि ती वर्षानुवर्षे ते वर्गात करून घेते.

सरांचे चौथे बोट अखेर दुमडले गेले. त्याचे म्हणणे असे की गटात एकच मूल राबते आणि बाकीचे चौघे नाव लावतात. त्याच्या भाचीने अख्खा तक्ता रात्री एक वाजेपर्यंत एकटीने रंगवला आणि मार्क मात्र पाचही जणांना सारखे मिळाले. या मुद्द्यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागेल. गटकार्याच्या नावाखाली आपल्याकडे बहुतेक वेळा हेच चालते. एक कार्डशीट, वर्तमानपत्रातली कात्रणे, स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी चित्रे, खाली पाच नावे आणि घरी जागणारी एक आई.

"कारण तुम्ही काम असं देता की ते एकाला पूर्ण करता येतं," बाई म्हणाली. "एका मुलाला एका रात्रीत उरकता येतं ते काम गटाचं नसतंच. ते एकाचंच असतं, गर्दीत केलेलं."

"आणि टक्केवारीचं म्हणशील तर," बापू मध्येच बोलला, "मी सात वर्षं गोविंदा पथकात अगदी खालच्या थराला उभा होतो. हंडी फोडणारं पोर पेपरात यायचं. तू आता मोजून सांग, खालच्या थराचे किती टक्के?" सरांनी खरोखरच क्षणभर आकडेमोड केली असावी, कारण त्याचे ओठ हलताना मी पाहिले.

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे त्यांना आम्ही अहो-जाहो करतो. त्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर होता. रेषा ही ज्याची त्याची असते आणि ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, असे ते आयुष्यभर मानत आले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत मूल आपल्या बोर्डासमोर एकटे बसते, स्मरणचित्र काढताना त्याच्या मदतीला कुणी येत नाही आणि तो एकांत त्यांना पवित्र वाटतो. "इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात मार्क, बीला पाच, सीला तीन," सरांनी तेवढ्यात सांगून टाकले. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले आणि पुढे बोलू लागले.

"पण वारलीच्या बाबतीत मला एक कबूल केलं पाहिजे. मी पालघर वेगळा होण्याआधी, म्हणजे २०१४ च्या आधी, आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणूकडच्या पाड्यांवर बराच फिरलो. लग्नाचा चौक तिथे सवाशिणी मिळून काढतात. शेणाने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी आणि मध्ये पालघट देवी. एवढ्यात सगळं आलं. चौकाखाली कुणी सही करत नाही. आणि चित्र काढलं असं म्हणत नाहीत ते, चौक लिहिला म्हणतात. जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले तेव्हा त्या रेषेला एका माणसाचं नाव मिळालं, २०११ साली पद्मश्रीही मिळाली आणि त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण त्यांच्या मागे तो बिनसहीचा चौक उभा आहे. तुमच्या शाळेने काय केलं? वारली घेतली आणि वारलीतलं मिळून लिहिणंच काढून टाकलं."

मास्तर आपल्या बाजूने बोलतील असे आमच्यापैकी कुणालाच वाटले नव्हते. त्यांनी पुढे वर्गातला एक खेळही सांगितला. कागदाच्या तीन घड्या घालायच्या. पहिल्याने डोके काढायचे, घडी मिटायची आणि मानेच्या दोन रेषा तेवढ्या घडीबाहेर बोटभर दिसू द्यायच्या. दुसऱ्याने त्या रेषांना धड जोडायचे, तिसऱ्याने पाय. हा खेळ १९२५ च्या सुमारास पॅरिसच्या अतिवास्तववादी कवी-चित्रकार मंडळींनी सुरू केला आणि त्याच पद्धतीने ते वाक्येही जुळवत. मास्तर तो सातवीच्या वर्गात घेत तेव्हा चित्रकलेत सर्वांत कच्च्या मुलाला ते मुद्दाम मधली घडी देत, कारण मधल्याला दोन्ही बाजूंशी जुळवून घ्यावे लागते. घडी उघडली की वर्गात जो कल्लोळ होई, तसा कोणत्याही एकट्याच्या उत्तम चित्राला झालेला त्यांनी कधी ऐकला नाही.

"चित्राचं ठीक आहे," सर म्हणाला, "पण निबंध मिळून कसा लिहिणार? एक वाक्य याचं, एक वाक्य त्याचं, म्हणजे खिचडी."

यावर बाईने जे सांगितले त्यासाठीच मी हा सगळा वृत्तान्त लिहायला बसलो आहे. इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना नावाची वाडी आहे. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने तिथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली आणि नेहमीच्या शाळांनी नापास करून बाहेर काढलेल्या मुलांची बाजू मांडणारे शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र तिथल्या आठ मुलांनी मिळून लिहिले. ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. लिहिण्याची रीत त्या मुलांनी पत्रातच नोंदवली आहे. खिशात वही ठेवायची. सुचलेला प्रत्येक विचार वेगळ्या कागदावर, एकाच बाजूला लिहायचा. मग सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, दुबार आलेले काढून टाकायचे, एकमेकांशी नाते असलेल्यांचे ढीग करायचे. एकेक ढीग म्हणजे एकेक प्रकरण. त्यातल्या लहान ढिगाला, म्हणजे परिच्छेदाला, नाव सुचत नसेल तर त्यात काही म्हटलेलेच नाही किंवा फार गोष्टी कोंबल्या आहेत असे समजायचे. मसुदा झाला की जास्तीचा शब्द कोण पकडतो याची स्पर्धा लावायची आणि शेवटी बाहेरच्या, शक्यतो फार न शिकलेल्या माणसांना तो वाचून दाखवायचा.

बाईने हे आपल्या सहावीच्या वर्गात केले. मुले अडतीस आणि विषय 'आमच्याकडे पाणी कधी येते'. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची आणि चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, एवढे दोन नियम. टेबल नव्हते म्हणून चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या आणि त्या उडू नयेत म्हणून एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद केला. घामेजलेली अडतीस मुले गुडघ्यांवर रांगत एकमेकांची वाक्ये वाचत होती. 'पाणी आलं की आई मला उठवते' या अर्थाच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. वर्गाचा मॉनिटर नियमाप्रमाणे एक ठेवून दहा उचलायला गेला, तेव्हा वर्षभरात कधी फळ्याजवळ न आलेल्या एका मुलीने त्या चिठ्ठ्यांवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "नको ना. अकरा जण उठतात."

बाईने हात वर करायला सांगितले. त्या अकरांपैकी नऊ मुली होत्या.

"पुस्तकात दुबार चिठ्ठ्या काढायला सांगितलं आहे," बाई म्हणाली, "आणि मीही तेच शिकवलं होतं. त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. निबंध अकरा जणांच्या उठण्यापासून सुरू झाला. सर, हा निबंध तुझ्या क्लासमधल्या कुठल्याही एका मुलाकडून लिहून आण, मी नोकरी सोडते. कारण अकरा हा आकडा एकाला दिसतच नाही."

नंतर त्यांनी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बोलावून मसुदा वाचून दाखवला. 'आमच्या वस्तीत पाणी अनियमित येते' या वाक्यावर ताईंनी थांबवले आणि विचारले, "अनियमित म्हणजे किती वाजता?" मुलांनी 'अनियमित' खोडले आणि लिहिले, 'कधी चारला येते, कधी साडेपाचला.' कोणत्याही परीक्षकाने आजवर दिलेला यापेक्षा चांगला शेरा मला ठाऊक नाही.

शुद्धलेखन कुणी तपासायचे, असे बापूने विचारले. त्यावर बाईने फ्रान्सच्या सेलेस्तँ फ्रेने याचे उदाहरण दिले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्या शिक्षकाला फार वेळ बोलवत नसे. १९२४ साली त्याने खेड्यातल्या आपल्या शाळेत छपाईचे यंत्र आणले. कोणाचा मजकूर छापायचा हे वर्ग मत देऊन ठरवी, तो फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर दुरुस्त केला जाई आणि मग मुले स्वतः खिळे जुळवीत. दुरुस्ती होतच होती, पण ती दिवसाढवळ्या आणि लिहिणाऱ्याच्या देखत. आदल्या रात्री पेंटर येत नव्हता.

"पण मार्क?" सर म्हणाला.

"आठवीपर्यंत वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात गटकार्य आणि प्रकल्प येतातच आणि वर्णनात्मक नोंदी करायच्याच असतात. त्या मुलीपुढे मी लिहिलं आहे, 'वर्ग जे टाकून देणार होता ते हिने राखले.' याचे किती मार्क ते तू सांग."

सर काहीच बोलला नाही. ही संधी बापूने तब्बल साडेतीन दशके जपून ठेवली असावी. "तू काय सांगणार? १९९० चं आपलं हस्तलिखित आठवतं ना? नववीत चार रात्री जागून सगळी पानं मी लिहिली, मथळे कट निबने काढले, हाताला घट्टे पडले. मुखपृष्ठाच्या आत तुझं नाव होतं, 'संपादक' म्हणून, पाऊण इंचाच्या अक्षरात. माझं नाव एकाही पानावर नव्हतं. हस्ताक्षर माझं आणि हस्तलिखित तुझं!"

"माझ्या गोष्टीचा शेवटही तेव्हाच बदलला होता," बाई म्हणाली. "माझ्या गोष्टीतली आजी शेवटपर्यंत रुसलेलीच राहते. छापखान्यात जायचं नव्हतं, तरीही वरून सूचना आली आणि आजी हसून झेंड्याला वंदन करू लागली." मास्तरांनी यावर साने गुरुजींचा विषय काढला. अमळनेरच्या वसतिगृहात गुरुजी मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत. आपल्या शाळांनी त्यातली हाताने लिहिण्याची रीत तेवढी उचलली आणि त्यामागची मुलांविषयीची माया मागेच राहिली, असे ते कळवळून म्हणाले.

सर चहाच्या रिकाम्या पेल्यात पाहत होता. "ते हस्तलिखित माझ्या घरी आहे," तो म्हणाला. "कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं आहे. आणि खरं सांगायचं तर संपादकीय मी लिहिलं नव्हतं."

"मला माहीत आहे," बाई म्हणाली. "मीच लिहिलं होतं."

मास्तरांना हसताना ठसका लागला, बापूने सरांच्या पाठीत असा गुद्दा घातला की शेजारच्या बाकावरचे आजोबा वळून पाहू लागले, आणि सर स्वतःही डोळे पुसत हसत राहिला. हसता हसता त्याने बोटे मोजली, "मुद्दा एक, पुढच्या रविवारी मी ते घेऊन येतो. मुद्दा दोन, शेवटचं पान कोरं आहे."

"शाई काळीच होती ना?" बापूने विचारले.

"निळी-काळी," बाई म्हणाली. "आणि नावं ज्याची त्याने आपल्या हाताने लिहायची."