शॉवरची फरशी बसवा, बिनघोर

शॉवरखालच्या फरशीवर पडून पडून पडणार काय, तर पाणी. तेवढ्यासाठी मिस्त्री शोधायचा, त्याची वाट बघायची, तो आला की त्याच्यासमोर कळल्यासारखी मान डोलवायची, हे सगळं कशाला? व्हिडिओत बारा मिनिटांत होतं. त्यातली दोन जाहिरातींची. तेव्हा बाह्या सरसावा आणि सगळ्यात आधी, म्हणजे काहीही मोजायच्या आधी, टाइल घेऊन या.

टाइल मोठीच घ्या. दोन फूट बाय दोन फूट, तोंड दिसेल इतकी चकचकीत. शीटवर चिकटवलेले ते दोन-दोन इंचांचे मोझॅकचे तुकडे ज्यांना हौस त्यांना लखलाभ. त्यांचं म्हणणं असं, की पाणी जायची जाळी मधोमध असली तर जमिनीला चारही बाजूंनी आत ढाळ लागतो, आणि मोठी टाइल काही चार दिशांना वाकत नाही. शिवाय छोट्या तुकड्यांत सांधे जास्त, आणि त्या सांध्यांवर ओल्या पायाला पकड मिळते. पकडीसाठी नळ आहे की! लांबट जाळी भिंतीलगत घेतली तर एकाच दिशेला ढाळ पुरतो आणि मोठी टाइलही नीट बसते, असाही एक मार्ग आहे. तो बरा आहे, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता ढाळ. जाणकार सांगतात, दर फुटाला पाव इंच, म्हणजे मीटरला साधारण 2 सेंटीमीटर. पाव इंच नुसत्या डोळ्यांना दिसतो का? मग सोडून द्या. जे दिसत नाही ते करायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलंत तर अख्खं काम शनिवार-रविवारात उरकतं. पाणसळ ठेवा, बुडबुडा बरोबर मधोमध आणा आणि जमीन इतकी सपाट करा की पाण्यालाही तिथून हलावंसं वाटू नये. मग प्रत्येकाने आंघोळ झाली की वायपर मारायचा. पाठीला व्यायाम. जाळी टाइलपेक्षा दोन सूत वर राहिली तर फारच छान, घरातल्या लहानांना तळं मिळेल.

वॉटरप्रूफिंग हा तर निव्वळ वेळकाढूपणा. वर टाइल आहे, सांध्यांत ग्राउट आहे, पाणी जाईल कुठून? यावर मिस्त्री लोक म्हणतात की सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, पाणी खरं अडवतो तो टाइलखालचा थर. त्या थराचे म्हणे दोन हात मारायचे, पहिला सुकल्यावर दुसरा, तोही आडवा. तो भिंतीवर अर्धा फूट तरी चढवायचा, कोपऱ्यांत आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडाशी पट्टी दाबून बसवायची. एवढं करून भागत नाही. ट्रॅपला बूच मारून पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलीची रेघ ओढायची आणि 24 तास थांबायचं. पाणी रेघेखाली बऱ्यापैकी उतरलं तर पुन्हा पहिल्यापासून! परीक्षेलाच बसलं नाही तर नापास कोण करणार? आणि पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे, खालीच ना. खालच्या मजल्यावरच्यांशी तुमचं जिन्यातल्या हसण्यापलीकडे काही नाही. आता ते आपणहून वर येतील, तुम्हाला घरी बोलावतील, छत दाखवतील.

टाइल चिकटवायची पद्धत सोपी आहे. चार कोपऱ्यांत चार गोळे, मध्ये पाचवा, वरून थापट मारा. काही लोक दात्यांच्या थापीने ॲडेसिव्हच्या एका दिशेला रेघा ओढतात, टाइल त्या रेघांवर आडवी सरकवून दाबतात म्हणजे हवा निघते, आणि मग अधूनमधून एखादी चांगली बसलेली टाइल उचलून तिची पाठ बघतात. ओल्या जागी पाठ 95 टक्के तरी भरलेली हवी, म्हणतात. स्वतःच्या हाताने बसवलेली टाइल स्वतःच उपटायची, हा कसला आत्मक्लेश! झाकली मूठ सव्वा लाखाची. गोळ्यांमधली पोकळीही वाया जात नाही, सांध्यांतून झिरपलेलं पाणी तिथेच बिऱ्हाड करतं. पुढे बाथरूमला एक कुबट वास धरतो. त्यावर उपाय म्हणजे फिनेलची कंपनी बदलत राहणं. टाइलवर नाणं मात्र वाजवून बघू नका. आवाज पोकळ येतो आणि उगाच मन खट्टू होतं.

ग्राउट सढळ हाताने पाणी घालून पातळ करा, भराभर पसरतं. सुकल्यावर त्याची पावडर सुटते आणि जागोजागी वेगवेगळी छटा येते, त्याला नैसर्गिक लुक म्हणायचं. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरावं, कारण दोन्ही आपापल्या परीने हलतात, असं वाचनात येईल. तुम्ही तिथेही ग्राउटच भरा. पहिली भेग नेमकी कुठे पडणार हे आधीच माहीत असल्याचं समाधान प्रत्येक कामात मिळत नाही.

दार आत उघडतं की बाहेर, आणि फरशी चढल्यावर ते उघडेल की नाही, हे दार बंद करून तुम्ही आत असाल तेव्हा कळेलच.

शेवटी, उरलेल्या टाइल त्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाका, खोक्यासकट. खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. तो हाताशी राहिला तर फोडाफोडीच्या वेळी अगदी तसाच रंग मिळायचा धोका असतो. नवी टाइल जरा वेगळ्या छटेची बसली, की गळती नेमकी कुठे होती हे आलेल्या पाहुण्याला विचारावंही लागत नाही.