पेसमेकर बसवलेल्या माणसाला घरात बसवून ठेवू नका

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर पेसमेकरबद्दल, म्हणजे हृदयाला ठोक्यांसाठी विजेचा इशारा देणाऱ्या यंत्राबद्दल, एक मेसेज सारखा फिरतो आहे. 'पेसमेकर बसवला की मोबाइल बंद, मायक्रोवेव्ह बंद, डावा हात जन्मभर वर करायचा नाही, मेटल डिटेक्टरमधून जायचं नाही, एमआरआय कधीच नाही, आणि बॅटरी संपली की माणूस गेलाच.' पाठवणारे काळजीपोटी पाठवतात, हे मान्य. पण तो वाचून माझ्या आत्याने मेघदूत उपवनातलं फिरणं सोडलं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं सोडलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात जास्त नुकसान हाताच्या मुद्द्याने होतं. पेसमेकरची डबी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात आणि तिच्यातून निघालेल्या तारा शिरेतून हृदयात जातात. तारेचं टोक तिथे घट्ट रुजायला काही आठवडे लागतात. तेवढ्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही, हाताला हिसका बसू द्यायचा नाही. जन्मभर नव्हे! उलट हात अजिबात हलवला नाही तर खांदा आखडतो. आत्याने भीतीने हात गळ्यात बांधूनच ठेवला होता. पुढे तिला स्वतःची वेणी घालता येईना आणि खांद्यासाठी वेगळे उपचार घ्यावे लागले. खांद्याच्या खालची हालचाल पहिल्यापासून चालू ठेवायची असते. मुदत संपून डॉक्टरांनी हो म्हटलं की दोरीवर कपडे वाळत घाला, पोहायलासुद्धा जा. जखमेवर मात्र हळद, तेल काही लावू नका. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर थेट जिथे पेसमेकर बसवला तिथेच जा.

मोबाइल बंद करायचं कारण नाही. तो डबीपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा, म्हणजे त्या बाजूच्या खिशात नको आणि बोलताना दुसऱ्या कानाला लावायचा. काही नव्या फोनच्या पाठीत चुंबक असतो, म्हणून हे पाळायचंच. ज्यांना आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास शॉक देणारं यंत्र बसवलं आहे, त्यांनी जास्त जपावं, कारण चुंबक जवळ आला तर ते शॉक देणं तात्पुरतं थांबवू शकतं.

मायक्रोवेव्ह, मिक्सर, फ्रीज खुशाल वापरा. स्वयंपाकघरात जपायचं ते इंडक्शनच्या शेगडीला. तिच्यापासून ६० सेंटिमीटर अंतर राखा. गॅसवर पोहे परतायला काहीच हरकत नाही.

महाकालला किंवा विमानतळावर मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जा, तिला टेकून उभे राहू नका. पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड दाखवा आणि तपासणाऱ्याला त्याच्या हातातलं यंत्र डबीवर धरू नका म्हणून सांगा.

एमआरआय 'कधीच नाही' हे जुन्या यंत्रांबद्दल बरंचसं खरं होतं. आता बसवली जाणारी अनेक यंत्रं एमआरआयला चालतात. मात्र डबी आणि तारा दोन्ही तशा असाव्या लागतात, आणि तपासणीआधी यंत्राचं सेटिंग बदलून नंतर पूर्ववत करावं लागतं.

बॅटरी अचानक बंद पडत नाही. ती साधारण आठ-दहा वर्षं चालते, संपत आल्याचं काही महिने आधीच तपासणीत कळतं आणि बहुतेक वेळा फक्त डबी बदलतात. म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला तो आर्ने लार्सन यांच्या. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. त्यानंतर वीसहून अधिक वेळा यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. गेले तेही कर्करोगाने.

त्याच मेसेजच्या शेपटीला 'पेसमेकर असला की जीव सुटत नाही' असंही जोडलेलं असतं. हे साफ खोटं आहे. पेसमेकर फक्त इशारा देतो. हृदयाचा स्नायूच थांबला की त्या इशाऱ्याने काही होत नाही. घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच: दहनाच्या उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून यंत्र काढून घ्यावं लागतं.

मला राग येतो तो याचा, की निरुपद्रवी गोष्टींवर बंदी घालणाऱ्या या मेसेजमध्ये खऱ्या धोक्याचं नावही नाही. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे रेडिओलहरींनी आतून उष्णता देणारा शेक देतात, तो पेसमेकर असलेल्यांनी कधीही घ्यायचा नाही. चुंबकाच्या गाद्या आणि पट्टेही नकोत. आपल्याकडे पेसमेकर एकाला आणि गुडघे दुसऱ्याला दाखवायची पद्धत, आणि पहिल्याचं दुसऱ्याला कुणी सांगत नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्ट असो, दातांचे डॉक्टर असोत, टेबलावर आधी कार्ड ठेवा, मग दुखणं सांगा.