मदरबोर्ड बदलला म्हणून डिस्क का पुसायची?

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या संगणकाचा मदरबोर्ड नुकताच बदलला आणि तो सुरू होईना, तेव्हा तिने मला एवढेच विचारले की फॉरमॅट मारायला मशीन बर्डीच्या बाजारात न्यायचे की कुणाला घरीच बोलवायचे. निर्णय तिच्या गटात आलेल्या संदेशानेच करून टाकला होता: ‘बोर्ड बदलल्यावर पीसी सुरू झाला नाही तर विंडोज गेले समजा. सेल काढून बोर्ड रिसेट करा, सी ड्राइव्ह फॉरमॅट करा, नवी की विकत घ्या. डेटा डीमध्ये असतो, काळजी नको.’

पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच उमटत नाही, अशा अवस्थेत संगणक विंडोजपर्यंत पोहोचलेलाच नसतो. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर लावायची राहिली आहे का, रॅम घट्ट बसली आहे का, कॅबिनेटमधला एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसवतात तो धातूचा खुंट) बोर्डाला मागून टेकतो आहे का, हे न पाहता डिस्क पुसून काय साधणार?

निळा पडदा येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दिसले, तरीही फॉरमॅटची घाई नको. या त्रुटीच्या कारणांमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने बायोसमधला (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधला) स्टोरेज कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या भागाचा, मोड बदलणे आणि विंडोज टाकताना होता त्यापेक्षा वेगळा कंट्रोलर असणे, ही दोन्ही कारणे दिली आहेत. जुना बोर्ड आयडीई किंवा रेड मोडवर चालत असेल आणि नवा एएचसीआयवर (हे तिन्ही डिस्क हाताळण्याचे वेगवेगळे मोड), तर बायोसमध्ये जुना मोड निवडून आधी पाहावे. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा निरोप असेल, तर जुनी डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आणि नवा बोर्ड केवळ यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर लावलेला असतो. तिथे सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय, चालू करावी, आणि बोर्डात ती सोय नसेल तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारे ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन डेटा न पुसता डिस्कचे नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करते. अर्थात बॅकअप आधी.

‘डेटा डीमध्ये असतो’ हे वाक्य लिहिणाऱ्याने स्वतःचा संगणक तरी उघडून पाहिला होता का? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच असतात, आणि मावशीच्या शिकवणीचे सगळे हिशेब डेस्कटॉपवरच होते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली उतरवून घेता येतात. बिटलॉकर (डिस्कला लागणारे विंडोजचे कुलूप) चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते, कारण त्या कुलपाची किल्ली सांभाळणारे टीपीएम बोर्डाबरोबर बदलले. ही की अनेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

बोर्डावरचा सेल काढल्याने बायोस मूळ सेटिंगवर जाते, आणि नवा बोर्ड बहुधा त्याच सेटिंगवर आलेला असतो. कुणी मोड नीट लावून ठेवला असेल, तर तोही पुसला जाईल.

एक्सपीच्या काळात बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा टाकावे लागत असे, एवढे मान्य करतो. विंडोज १० आणि ११ मात्र नवे हार्डवेअर बहुतेक वेळा स्वतःच ओळखतात. विंडोजचा परवाना सिद्ध करणाऱ्या नव्या कीबद्दलही अर्धे खरे आहे, कारण संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना सहसा नव्या बोर्डावर चालत नाही. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर विंडोजच्या ॲक्टिव्हेशन (परवाना पडताळणी) ट्रबलशूटरमधून तो पुन्हा लागू करता येतो. पण ॲक्टिव्हेशन नसले तरी विंडोज सुरू होते, त्यामुळे बंद पडलेल्या संगणकासाठी नवी की विकत घेण्यात काहीच अर्थ नाही.